विश्लेषण : पिकअपचा थर्मोस्टॅट काढून टाकावा का? उत्तर रुडॉल्फ डिझेल यांच्या आयुष्यात

एप्रिल-मे महिन्यात हळदीची पोती भरलेले पिकअप सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथकडून हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटकडे निघतात. पारा चाळिशीच्या पुढे असतो. अशात एखाद्या पिकअपच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो, गाडी कडेला लागते आणि मग मिस्त्रीचा ठरलेला सल्ला मिळतो : थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडच्या उन्हात त्याचे काय काम?

अनेकदा सल्ला मानला जातो. तो उन्हाळा निघून जातो. पुढे डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडी पांढरा धूर सोडू लागते, काटा मध्यावर येतच नाही आणि डिझेल पूर्वीपेक्षा जास्त लागते. तोपर्यंत थर्मोस्टॅट काढल्याची गोष्ट मालक विसरलेला असतो.

हा सल्ला बरोबर की चूक? याचे उत्तर समजून घ्यायचे तर सव्वाशे वर्षांहून अधिक मागे, जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरात जावे लागेल. ज्यांचे आडनाव आपण रोज पेट्रोल पंपावर उच्चारतो, त्या रुडॉल्फ डिझेल यांनाही एकेकाळी इंजिन आणि पाणी यांचे गणित चुकीचे वाटले होते.

थर्मोस्टॅट नेमके काय करतो?

इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर बसवलेला हा छोटा, मुठीत मावेल एवढा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या पोटात पितळी डबीत मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना मेण घट्ट असते आणि व्हॉल्व्ह बंद. त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते आणि लवकर गरम होते. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की मेण वितळते, फुगते आणि व्हॉल्व्ह उघडतो. मग गरम पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होऊन परत येते. पाणी गार झाले की मेण आकसते आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह पुन्हा मिटवते.

ना वायर, ना बॅटरी. उघडण्याचे तापमान बहुतेक थर्मोस्टॅटवर कोरलेले असते. अनेक डिझेल गाड्यांमध्ये ते ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणजे बाहेर हिंगोलीचे ४२ अंशांचे ऊन असले, तरी इंजिनाला हवे असलेले तापमान त्याच्या जवळपास दुप्पट आहे. उन्हाळा आहे म्हणून थर्मोस्टॅट नको, हा युक्तिवाद इथेच डळमळू लागतो.

पण इंजिनाला एवढी उष्णता हवी कशाला? त्यासाठी ते बनवणाऱ्या माणसाकडे वळावे लागेल.

रुडॉल्फ डिझेल कोण होते?

रुडॉल्फ यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मात्र जर्मन. वडील थिओडोर पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू बनवण्याचे काम करत. घरची परिस्थिती बेताची. तीन भावंडांत रुडॉल्फ मधले.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे भागेना, म्हणून आईने १२ वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला काका-काकूंकडे पाठवले. काका तिथल्या तंत्रशाळेत गणित शिकवत. नातेवाइकांच्या घरी राहून शिकणारा हा मुलगा अभ्यासात इतका रमला, की १४ व्या वर्षीच त्याने आपण इंजिनीअर होणार असे पत्राने घरी कळवून टाकले.

तो वर्गात पहिला आला. १८७५ मध्ये शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. १८७९ मध्ये शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर टायफॉइडने गाठले आणि परीक्षा हुकली. तो काळ रिकामा न घालवता स्वित्झर्लंडमधील विंटरटूर येथे सुल्झर बंधूंच्या कारखान्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला. जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली आणि सर्वोच्च श्रेणीत उत्तीर्ण झाला.

म्युनिकमध्ये त्यांचे प्राध्यापक होते कार्ल फॉन लिंडे. शीतकरण यंत्रांच्या इतिहासातले हे मोठे नाव. त्यांच्याच वर्गात रुडॉल्फ यांनी एक आकडा ऐकला आणि तो त्यांच्या डोक्यातून कधी गेला नाही. त्या काळची वाफेची इंजिने कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के, अनेकदा त्याहूनही कमी उष्णता कामाला लावत. उरलेली नव्वद टक्के वाया. ही उधळपट्टी थांबवायची, हे तरुण रुडॉल्फ यांनी ठरवून टाकले.

बर्फाच्या कारखान्यातून इंजिनाकडे कसे वळले?

शिक्षण संपताच लिंडे यांनी त्यांना पॅरिसला बर्फाचा कारखाना उभारण्याच्या कामावर घेतले. वर्षभरात रुडॉल्फ त्या कारखान्याचे संचालक झाले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी लग्न झाले. पुढे तीन मुले झाली.

दिवसा बर्फ, उरलेल्या वेळात उष्णता, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी आधी पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन बनवण्याचा प्रयत्न केला. त्यात वर्षे गेली, हाती फारसे लागले नाही. १८९० मध्ये ते कुटुंबासह बर्लिनला गेले. लिंडे कंपनीत असताना शीतकरणातले शोध स्वतःसाठी वापरता येत नव्हते. म्हणून त्यांनी वेगळा मार्ग धरला : वाफच नको, हवाच वापरू.

कल्पना सोपी होती. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा खालचा भाग गरम लागतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. हवा दाबली की ती तापते. खूप दाबली तर इतकी तापते, की तिच्यात इंधन सोडताच ठिणगीशिवाय पेट घेते. डिझेल इंजिनात पेट्रोल गाडीसारखा स्पार्क प्लग नसतो, त्याचे कारण हेच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या इंजिनात काडेपेटीचे काम गरम हवा करते. त्या हवेभोवतीचे लोखंड थंडगार असेल, तर तेच तिची उष्णता आधी शोषून घेईल. आपल्या पिकअपच्या पांढऱ्या धुराचे मूळ इथे आहे.

पाण्याशिवाय चालणारे इंजिन, ही कल्पना काय होती?

रुडॉल्फ यांनी २८ फेब्रुवारी १८९२ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. २३ फेब्रुवारी १८९३ रोजी जर्मन पेटंट क्रमांक ६७२०७ मिळाले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या सिद्धांतावर पुस्तकही काढले.

कागदावरचे गणित जबरदस्त होते. हवा वातावरणाच्या सुमारे २५० पट दाबाने दाबायची. मग इंधन असे हळूहळू सोडायचे, की जळताना तापमान फारसे वाढणारच नाही. तापमान वाढले नाही तर इंजिन गार करण्याची गरज नाही. आणि गार करायचे नाही, तर पाण्यातून उष्णता वाया जाण्याचा प्रश्नच मिटला. या हिशेबाने इंधनातली सत्तर टक्क्यांहून अधिक उष्णता कामाला लागायला हवी होती.

आज इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थीही यातली अडचण सांगू शकेल. एवढा दाब निर्माण करण्यातच इंजिनाची बहुतेक ताकद खर्च होते. शिवाय इतक्या कमी इंधनात घर्षणाचीही भरपाई होत नाही. रुडॉल्फ यांनाही हे लवकरच उमगले आणि त्यांनी दाब बराच कमी करून, इंधन वाढवून गणित बदलले. मात्र पाणी नको हा विचार पहिल्या यंत्रापर्यंत टिकला.

पहिल्या चाचणीत काय घडले?

ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुझ यांनी प्रयोगाला जागा आणि माणसे दिली. पोलादसम्राट क्रुप यांची कंपनीही पैसा घालायला तयार झाली. पहिले यंत्र उभे राहिले ते सिलिंडरभोवती पाण्याचे कवच नसलेले.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. बाहेरून पट्ट्याने फिरवून यंत्राला गती दिली आणि इंधन सोडले. स्फोट झाला. दाब मोजणारे उपकरण फुटून उडाले. यंत्र स्वतःच्या बळावर चालले नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली : नुसत्या दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते.

पुढची साडेतीन वर्षे एकच काम चालले. मोडायचे, बदलायचे, पुन्हा जोडायचे. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी यंत्र पहिल्यांदा स्वतःहून फिरले. मिनिटाला ८८ फेऱ्यांच्या वेगाने, तेही जेमतेम मिनिटभर. या बदलांमध्येच सिलिंडरभोवती पाणी आले. जळणाऱ्या इंधनाचे तापमान कागदावरच्या मर्यादेत राहत नव्हते. न गार केलेल्या लोखंडात वंगण टिकत नाही, पिस्टन फुगतो आणि अडकतो. ज्या पाण्याला रुडॉल्फ यांनी आपल्या सिद्धांतातून हद्दपार केले होते, ते यंत्राने त्यांच्याकडून परत मागून घेतले.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. एक सिलिंडर, सुमारे १९.६ लिटरची क्षमता, ताकद सुमारे १८ अश्वशक्ती. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामात उतरली. सत्तर टक्क्यांचे स्वप्न कागदावरच राहिले, पण वाफेच्या इंजिनाच्या तुलनेत ही झेप अडीच पटीहून मोठी होती. हे इंजिन पाण्याने गार होणारे होते. आज ते म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये पाहता येते.

पैसा आणि प्रसिद्धी मिळूनही अडचण कुठे आली?

चाचणीनंतर जगभरातून परवाने मागितले जाऊ लागले. अमेरिकेतील बिअर उद्योजक अडॉल्फस बुश यांनी १० लाख मार्क मोजले. रशियासाठी इमॅन्युएल नोबेल यांनी हक्क घेतले. १८९८ मध्ये सगळे हक्क एका नव्या कंपनीकडे ३५ लाख मार्कांना गेले. चामड्याचे काम करणाऱ्या कारागिराचा मुलगा चाळिशीत लखपती झाला. म्युनिकमध्ये आलिशान बंगला उभा राहिला.

पण यंत्र अजून कच्चे होते. घाईने विकल्या गेलेल्या इंजिनांच्या तक्रारी आल्या, काही परत आली. पेटंटवरून वाद झाले. शोध खरोखर त्यांचाच का, असे प्रश्न इतर अभियंत्यांनी विचारले. सततच्या ताणाने रुडॉल्फ यांची प्रकृती ढासळली आणि १८९८ मध्ये त्यांना काही महिने आरोग्यधामात काढावे लागले. डोकेदुखीने त्यांना आयुष्यभर सोडले नाही. मिळालेला पैसा जमिनीच्या आणि इतर व्यवहारांत बुडत गेला.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथे एक छोटे डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. फ्रेंच सरकारला आफ्रिकेतील वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगाचा उपयोग करायचा होता. वनस्पती तेलांच्या या वापराबद्दल रुडॉल्फ पुढेही आशावादी राहिले.

त्यांचा आणखी एक विचार आज विसरला गेला आहे. मोठ्या कारखान्यांची प्रचंड वाफेची इंजिने छोट्या कारागिराला जगू देत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. छोट्या माणसाला परवडेल असे, कमी इंधनात चालणारे इंजिन मिळाले तर तो स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी त्यांची धारणा होती. १९०३ मध्ये कामगारांच्या सहकारावर त्यांनी पुस्तकही लिहिले. त्याच्या फारच थोड्या प्रती खपल्या.

प्रत्यक्षात त्यांच्या हयातीत इंजिन गेले ते वीजकेंद्रांत, जहाजांत आणि पाणबुड्यांत. कारण इंधन आत फवारण्यासाठी वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागे. त्यामुळे यंत्र इतके जड होई, की ते गाडीत बसवणे व्यवहार्य नव्हते.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री काय झाले?

त्या दिवशी रुडॉल्फ बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून ‘ड्रेस्डेन’ या बोटीने इंग्लंडकडे निघाले. लंडनला डिझेल इंजिन बनवणाऱ्या कंपनीची बैठक होती. सोबतच्या मंडळींबरोबर जेवण झाले. रात्री दहाच्या सुमारास ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून ठेवले होते.

सकाळी खोली रिकामी होती. अंथरूण वापरलेले नव्हते. रात्रीचे कपडे घडी घालून ठेवलेले, घड्याळ अंथरुणावरून दिसेल असे. डेकच्या कठड्याजवळ त्यांची टोपी आणि कोट सापडला.

सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. त्याची अवस्था पाहता खलाशांनी फक्त खिशातल्या वस्तू काढून घेतल्या. पाकीट, गोळ्यांची डबी, चाकू, चष्म्याचे घर. १३ ऑक्टोबरला मुलगा ऑयगेन याने त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे ओळखले. तेव्हा रुडॉल्फ ५५ वर्षांचे होते.

हा अपघात, आत्महत्या की घातपात, यावर आजही वाद आहे. युद्धाच्या तोंडावर जर्मन शास्त्रज्ञ इंग्लंडला जात होता, म्हणून घातपाताच्या कहाण्या रंगल्या. दुसरीकडे त्यांच्या डायरीत त्या तारखेसमोर फुलीची खूण होती. निघण्यापूर्वी त्यांनी पत्नीकडे एक बॅग देऊन ती आठवडाभराने उघडायला सांगितली होती. बॅगेत २० हजार मार्क रोख आणि जवळपास रिकाम्या झालेल्या बँक खात्यांचे कागद निघाले. आयुष्यभर उष्णतेच्या अपव्ययाचा हिशेब मांडणाऱ्या या माणसाने घरच्यांपासून आपल्या कर्जाचा हिशेब लपवला होता.

हे इंजिन ट्रकपर्यंत आणि मराठवाड्याच्या विहिरींपर्यंत कसे आले?

रुडॉल्फ यांच्या मृत्यूनंतर साधारण दशकभराने, १९२३-२४ च्या सुमारास जर्मनीत डिझेल इंजिनाचे पहिले ट्रक तयार झाले. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंधन फवारणीचा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. जड कॉम्प्रेसरची गरज संपली. इंजिन हलके झाले आणि गाडीत मावले.

इंजिनाभोवतीच्या पाण्याचा प्रश्न मात्र आता वेगळा झाला. जहाजाचे इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने चालते. ट्रक थांबतो, चढ चढतो, उतारावर रिकामा धावतो. कधी पाणी उकळायला येते, कधी गरमच होत नाही. म्हणून पाण्याची वाट स्वतःहून उघडणारा-मिटणारा पहारेकरी हवा होता. सुरुवातीला त्यासाठी लवकर वाफ होणारा द्रव भरलेली भात्यासारखी नळी वापरत. १९३० च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्ने यांनी मेणाचा थर्मोस्टॅट विकसित केला. आज आपल्या पिकअपमध्ये जो बसतो, तो याच कुळातला.

महाराष्ट्रात डिझेल इंजिन घरोघरी पोहोचले ते शेतीतून. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. वीज गावात येण्याआधी मराठवाड्यातल्या कित्येक विहिरींवर मोटेची जागा इंजिनाने घेतली. तिथे विहिरीचेच पाणी इंजिनातून फिरून बाहेर पडे. जुने जाणते इंजिनवाले त्या पाण्यात हात घालून पाहत आणि कॉक कमी-जास्त करत. पाणी अगदी गार लागले तरी ते त्यांना चालत नसे. तो हातच त्या इंजिनाचा थर्मोस्टॅट होता. ट्रकच्या बाबतीत, १९५४ मध्ये जमशेदपूरला टेल्कोने मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने डिझेल ट्रक बनवायला सुरुवात केली.

आज एकाच पिकअपवर घर चालवणारा हिंगोलीचा तरुण, हा रुडॉल्फ यांनी कल्पिलेला छोटा कारागीरच म्हणावा लागेल. त्याच्यासाठी लिटरमागे एक-दोन किलोमीटरचा फरक म्हणजे महिन्याचा हप्ता वेळेवर जाण्या-न जाण्याचा प्रश्न असतो.

मग थर्मोस्टॅट काढला तर काय बिघडते?

ढोबळमानाने डिझेल गाडीत जळणाऱ्या इंधनातली एक तृतीयांशाहून थोडी अधिक उष्णता चाके फिरवते. बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून जाते. थर्मोस्टॅट काढला की रेडिएटरची वाट कायम उघडी राहते. गरज नसतानाही उष्णता बाहेर फेकली जाते. परिणाम असे :

• सिलिंडरच्या भिंती थंड राहतात. डिझेल नीट पेटत नाही, पांढरा धूर येतो, ॲव्हरेज पडते.

• न जळलेले डिझेल भिंतींवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते, त्यात चिकट गाळ साचतो.

• पिस्टन रिंग आणि बोअर लवकर झिजतात. हे नुकसान लगेच दिसत नाही, दोन-तीन हंगामांनी इंजिन काम काढते तेव्हा कळते.

• आधुनिक इंजिनात सेन्सरला इंजिन अजून थंड आहे असे वाटते आणि यंत्रणा त्यानुसार जास्त इंधन देत राहते.

• काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची दुसरी, जवळची वाट बंद करतो. तो काढला तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत फिरते. म्हणजे थंड राहावी म्हणून केलेल्या उपायाने गाडी आणखी तापते.

शिवाय मूळ दुखणे तसेच राहते. गाडी तापते त्यामागे रेडिएटरमध्ये साचलेला क्षार, सैल बेल्ट, बिघडलेला पंखा, गळका वॉटर पंप किंवा थकलेले रेडिएटरचे झाकण असू शकते. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरत राहिले, तर क्षाराचा थर हमखास बसतो.

बिघाड थर्मोस्टॅटचाच आहे, हे कसे ओळखावे?

गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवूनही काटा वर येत नसेल आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप सुरुवातीपासूनच कोमट होत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याची शक्यता जास्त. काटा लालकडे आणि तो पाइप मात्र थंड, तर तो बंद अडकला असू शकतो. बंद अडकलेल्या थर्मोस्टॅटवर गाडी रेटू नका. हेड गॅस्केट गेले तर खर्च थर्मोस्टॅटच्या कित्येक पट होतो.

काढलेला थर्मोस्टॅट घरीही तपासता येतो. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून तळाला न टेकेल असा सोडा आणि पाणी तापवा. कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी गार होताना मिटला पाहिजे. हिंगोली समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या पुढे उकळते, त्यामुळे ही चाचणी इथे व्यवस्थित होते. उकळी फुटूनही व्हॉल्व्ह हलला नाही, तर तो बदलायचाच.

नवा बसवताना काय काळजी घ्यावी?

• इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नका. दाबाखालचे गरम पाणी उसळून तोंड-हात भाजतात.

• जुना कूलंट भांड्यात काढा, जमिनीवर सोडू नका. तो चवीला गोडसर आणि विषारी असतो. गुरे किंवा कुत्री तो पिऊ शकतात.

• वरच्या पाइपाच्या इंजिनाकडील टोकाला असलेले झाकण खोला. बहुतेक इंजिनांत थर्मोस्टॅट त्याखाली असतो. काही गाड्यांत तो झाकणासह एकच भाग म्हणून मिळतो.

• नवा थर्मोस्टॅट त्याच मापाचा आणि त्याच तापमानाचा घ्या. कमी अंशांचा घेऊन गाडी जास्त थंड राहील हा समज चुकीचा आहे. तो फक्त लवकर उघडतो, रेडिएटरची क्षमता वाढवत नाही.

• बसवताना स्प्रिंग आणि मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला हवी. उलटा बसला तर वेळेवर उघडत नाही. कडेला छोटी हलणारी पिन असेल, तर ती वरच्या बाजूला ठेवा. तिथून हवा निघते.

• जुन्या गॅस्केटचे कण खरवडून बैठक स्वच्छ करा, नवे गॅस्केट किंवा रबर रिंग टाका, बोल्ट आलटून-पालटून सारखे आवळा.

• कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला कूलंट डिस्टिल्ड पाण्यासोबत त्या प्रमाणात भरा. हिटर असेल तर चालू ठेवून इंजिन फिरू द्या, अडकलेली हवा निघू द्या आणि इंजिन थंड झाल्यावर पातळी पुन्हा तपासा.

हा भाग तुलनेने स्वस्त आहे आणि बहुतेक पिकअपमध्ये काम काही तासांचे असते. मिस्त्रीकडे गेल्यावर एवढेच विचारा : थर्मोस्टॅट बदलला, की काढून नुसते झाकण लावले? जुना भाग मागून घ्या.

रुडॉल्फ यांनी ज्या दिवशी सिलिंडरभोवती पाणी मान्य केले, त्या दिवसापासून त्यांचे इंजिन कामाला लागले. पण पाणी किती आणि केव्हा, हा प्रश्न त्यांच्यानंतरच्या अभियंत्यांना सोडवावा लागला. तो पितळी डबीतल्या चिमूटभर मेणाने सुटला. पहाटे थंडीत गाडी सुरू केल्यावर काटा हळूहळू मध्यावर येऊन थांबत असेल, तर ते मेण आपले काम नीट करत आहे.